घरीच शिकणाऱ्या मुलासाठी गणिताचा अभ्यासक्रम कसा निवडावा

होमस्कूलिंग सुरू केलं की बाकीचे विषय पुढेमागे सांभाळून घेता येतात. गणितात तशी सवलत नाही, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते. आज दशक-एकक कच्चं राहिलं तर यंदा काही बिघडल्यासारखं दिसत नाही. ते दिसतं दोन वर्षांनी, भागाकारात आणि दशांशात. म्हणून पुस्तकं मागवण्याआधी तीन-चार आठवडे निवडीसाठी राखून ठेवा.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा सल्ला असा: मूल बघून शिकणारं आहे, ऐकून शिकणारं आहे की हातांनी करून शिकणारं, हे ठरवा आणि त्या शिक्क्याप्रमाणे अभ्यासक्रम घ्या. हा सल्ला टिकत नाही. २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचं उपलब्ध संशोधन तपासलं, तेव्हा अशा शैलीशी जुळवून शिकवल्याने मूल जास्त शिकतं याला पुरेसा आधार सापडला नाही. गणितात तर प्रत्येक मुलाला वस्तू हाताळाव्या लागतात, चित्र काढावं लागतं आणि शेवटी चिन्हांत लिहावंही लागतं. मुलामुलांत फरक असतो तो वेगळ्याच गोष्टींत: किती उजळणी लागते, वस्तूंवरून आकड्यांवर यायला किती वेळ लागतो, वाचन-लेखनाचं ओझं किती पेलतं आणि अनोळखी उदाहरण समोर आलं की मूल काय करतं. निवड या चार गोष्टींवर करायची.

हाताशी काय लागेल

- दोन-तीन अभ्यासक्रमांच्या प्रवेश-चाचण्या (मुलाने कुठल्या पातळीपासून सुरुवात करावी हे ठरवणाऱ्या), छापून. बहुतेक प्रकाशक त्या मोफत देतात.
- त्याच अभ्यासक्रमांची अनुक्रमणिका आणि नमुना पाठ.
- चौकटीची वही. लहान मुलांसाठी चौकट एक सेंटीमीटरची असावी, म्हणजे एककाखाली एकक सरळ येतो.
- दशक-एकक साहित्य: किमान १० दशकाच्या दांड्या, ३० सुटे एकक, ५ शतकाच्या पाट्या.
- शक्य असल्यास कुझिनेअर कांड्या. १ ते १० सेंटीमीटर लांबीच्या दहा रंगांतल्या या कांड्या बेरजेपासून अपूर्णांकापर्यंत चालतात.
- फासे, ० ते १०० चे अंक-पत्ते, मोजपट्टी.
- एक फाइल. प्रत्येक चाचणी आणि आठवड्याचं एक पान तारीख घालून त्यात लावा. काही ठिकाणी घरच्या शिक्षणाची नोंद दाखवावी लागते, आणि दाखवावी लागली नाही तरी पुढचा निर्णय याच फाइलवरून घ्यायचा आहे.

१. आठवडाभर मूल गणित कसं करतं ते बघा

परीक्षा घेतोय असं वातावरण नको. रोज दहा मिनिटं, दोन-तीन प्रश्न, आणि प्रत्येक उत्तरानंतर एकच विचारणा: "कसं काढलंस ते सांग ना." उत्तर बरोबर असलं तरी विचारा. फक्त चुकल्यावर विचारलं, तर ती विचारणा म्हणजेच चूक झाल्याची खूण, हे मूल दोन दिवसांत ओळखतं.

वयाप्रमाणे यांतले प्रश्न घ्या:

- ८ + ५, तोंडी. काही मुलं आठ बोटं, मग पाच बोटं आणि मग सगळी पुन्हा पहिल्यापासून मोजतात. काही आठच्या पुढे नऊ, दहा, अकरा असं जातात. काही आठला दोन देऊन दहा करतात आणि उरलेले तीन मिळवतात. उत्तर तिन्ही मुलांचं तेराच, पण तिघं तीन वेगळ्या पायऱ्यांवर आहेत.
- ४३ − १७, कागदावर. उत्तर ३४ आलं तर मुलाने तीनातून सात जात नाहीत म्हणून सातातून तीन काढले. हातचा विसरला एवढंच त्याचं कारण नाही. एक दशक सुटा करून दहा एकक होतात, हे चित्रच त्याच्या डोळ्यांसमोर नाही.
- ८ + ४ = □ + ५. बरीच मुलं चौकटीत १२ लिहितात, काही सगळं मिळवून १७. त्यांच्या लेखी बरोबरचं चिन्ह म्हणजे 'इथे उत्तर लिही'. दोन्ही बाजू सारख्या, हा अर्थ पोचलेला नाही. पुढे बीजगणितात हेच आडवं येतं.
- ०.५ मोठा की ०.३५? ०.३५ म्हणणारं मूल पस्तीस आणि पाच यांची तुलना करतंय. स्थानिक किंमत दशांशचिन्हाच्या पलीकडे गेलेली नाही.
- एकाच तोडीची दोन शाब्दिक उदाहरणं. एक मुलाने स्वतः वाचायचं, एक तुम्ही वाचून दाखवायचं. दुसरं सुटलं आणि पहिलं अडलं, तर अडचण वाचनाची आहे.
- एकाच प्रकारची पाच गणितं तोंडी, पाच लिहून. तोंडी पाचही बरोबर आणि लिहिताना दोन चुकीची, तर आकडे रचण्यात आणि लिहिण्यात शक्ती जातेय.

शेवटचे दोन प्रयोग अजिबात टाळू नका. 'गणित आवडत नाही' असं ज्यांच्याबद्दल ठरून जातं, त्यांतल्या काही मुलांना गणित छान जमत असतं. नकोसं झालेलं असतं ते पानभर लिहिणं.

आणखी एक नोंद: याच आठवड्यात एखादी नवी युक्ती शिकवा, उदाहरणार्थ नऊ मिळवायचे तर दहा मिळवून एक काढायचा. मग तो विषय बंद. तीन आठवड्यांनी सहज विचारा. आठवलं का, थोडं सुचवल्यावर आठवलं का, की पूर्ण पुसलं गेलं? उजळणी किती लागते याचं खरं उत्तर इथे मिळतं.

२. निरीक्षणावरून अभ्यासक्रमाचा बांधा ठरवा

बांधा मुख्यतः दोन प्रकारचा असतो.

पहिला मास्टरी पद्धतीचा. यात एक विषय धरायचा आणि तो पक्का झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. मॅथ-यू-सी हे याचं ठळक उदाहरण. त्याच्या पातळ्यांना इयत्तांऐवजी ग्रीक अक्षरांची नावं आहेत. गॅमामध्ये मुख्यतः गुणाकार, डेल्टात भागाकार, एप्सिलॉनमध्ये अपूर्णांक, झीटात दशांश. नव्या विषयाने गांगरणाऱ्या आणि 'हे मला येतं' असं वाटल्याशिवाय पुढे पाऊल न टाकणाऱ्या मुलाला हा बांधा मानवतो.

दुसरा स्पायरल. यात प्रत्येक विषय थोडा थोडा शिकवतात आणि पुन्हा पुन्हा त्याकडे परततात. सॅक्सन मॅथ या कुळातला: पाठात नवा भाग छोटासा, आणि सरावात बहुतेक गणितं आधीच्या पाठांची मिसळलेली. तीन आठवड्यांत सगळं पुसलं जाणाऱ्या मुलाला याचा फायदा होतो. ज्याला एका दमात विषयाच्या मुळाशी जायचं असतं, त्याची मात्र चिडचिड होते. नुकतं कळू लागलेलं असतं आणि पान उलटताच दुसरंच काही येतं.

मास्टरी पुस्तकाचा एक दोष समजून घ्या, कारण तो दिसत नाही. धड्याचं नाव 'गुणाकार' आणि खाली वीस शाब्दिक उदाहरणं. मूल उदाहरण न वाचताच दोन आकडे उचलतं आणि गुणतं. वीसपैकी वीस बरोबर! पण कोणती क्रिया करायची हा निर्णय त्याने एकदाही घेतलेला नसतो. इलाज सोपा आहे: रोजच्या पाठाआधी जुन्या प्रकरणांतली पाच गणितं, मिसळून. अशी उजळणी पुस्तकात नसेल तर तुम्ही वहीत लिहून द्या. उजळणी पुस्तकातच छापलेली असेल तर ते पुस्तक एक पाऊल पुढे समजा.

बांध्यानंतर बघायचं की संकल्पना कशी उलगडते. सिंगापूरमध्ये १९८० च्या दशकात आकाराला आलेली पद्धत वस्तू, चित्र, चिन्ह अशा तीन टप्प्यांनी जाते. तिच्यातलं पट्टीचं चित्र शाब्दिक उदाहरणांत फार उपयोगी पडतं. हे उदाहरण घ्या: अनयकडे निहारच्या तिप्पट गोट्या आहेत, दोघांच्या मिळून ४८, तर अनयकडे किती? 'तिप्पट' हा शब्द पकडून गणित करणारं मूल ४८ ला तीनने गुणतं किंवा भागतं. पट्टी काढणारं मूल निहारसाठी एक चौकोन आणि अनयसाठी तसेच तीन चौकोन काढतं, एकूण चार दिसतात, ४८ भागिले ४ म्हणजे १२, आणि अनयकडे ३६. आकडेमोड जमते पण शाब्दिक उदाहरणात हरवायला होतं, अशा मुलाला चित्रावर भर देणारा अभ्यासक्रम द्यावा.

बोटं मोजण्यातून बाहेर न येणाऱ्या मुलासाठी राइटस्टार्टसारखा अभ्यासक्रम बघण्यासारखा आहे. त्यात शंभर मण्यांची चौकट असते, आणि मणी पाच-पाचच्या रंगगटांत असल्यामुळे सात म्हणजे पाच आणि दोन हे न मोजता दिसतं. पाठांतराच्या चिठ्ठ्यांऐवजी पत्त्यांचे खेळ असतात. पण प्रत्येक पाठाला मोठं माणूस शेजारी बसावं लागतं. ते शक्य नसेल तर घेऊ नका, अर्ध्यावर सुटेल.

कोड्यांत रमणारं, एकाच गणितावर पंधरा मिनिटं आनंदाने घालवणारं मूल असेल तर बीस्ट अकॅडमीसारखा कॉमिकच्या रूपातला, अवघड प्रश्नांचा अभ्यासक्रम त्याला खाद्य पुरवेल. त्यात इंग्रजी वाचन भरपूर आहे, आणि चुकलं की लगेच खचणाऱ्या मुलाला तो जड जातो.

आता साहित्याबद्दल. कांड्या घेतल्या म्हणजे समज आली असं होत नाही. मूल कांड्यांनी उत्तर काढतं, कागदावर तेच गणित चुकतं, आणि दोन्ही एकच आहेत हे त्याला कोणी दाखवलेलंच नसतं. ४३ − १७ असं करून घ्या: चार दशक-दांड्या आणि तीन एकक मांडा. सात काढायला एकक पुरत नाहीत. एक दांडी देऊन दहा सुटे घ्या आणि *त्याच क्षणी* वहीत ४ खोडून ३ लिहा, एककावर १३ लिहा. मग सात सुटे उचला, लगेच लिहा. एक दांडी उचला, लगेच लिहा. उरले दोन दशक, सहा एकक. हाताची प्रत्येक हालचाल आणि पेन्सिलची प्रत्येक खूण जोडीने झाली पाहिजे. अभ्यासक्रमाच्या शिक्षक-पुस्तिकेत हा सांधा दाखवलाय का, ते आवर्जून तपासा. 'साहित्य वापरा' एवढीच सूचना असेल तर ती अपुरी आहे.

३. शिकवणाऱ्याचाही विचार करा

अभ्यासक्रम मुलासाठी असला तरी तो रोज चालवायचा तुम्हाला आहे. तीन प्रश्न स्वतःला विचारा.

रोज शेजारी किती वेळ बसता येईल? सहा-सात वर्षांच्या मुलाला वीस-पंचवीस मिनिटं, नऊ-दहा वर्षांच्या मुलाला पाऊण तास पुरतो. त्यातला किमान अर्धा वेळ तुमचा जाईल असं धरा. तेवढा नसेल तर व्हिडिओवर शिकवणारा आणि आपोआप तपासणारा अभ्यासक्रम बघावा लागेल.

तुम्हाला स्वतःला 'का' सांगता येतं का? अपूर्णांकाचा भागाकार उलटा करून गुणाकार का होतो, हे सांगता येत नसेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त शिक्षक-पुस्तिका सविस्तर असलेला अभ्यासक्रम घ्या. काही पुस्तिकांत काय बोलायचं, मूल काय चुकू शकतं, चुकल्यावर काय विचारायचं, हे सगळं लिहिलेलं असतं.

मुलं किती? दोन मुलं दोन पातळ्यांवर असतील तर दोघांनाही सतत मोठ्या माणसाची गरज असलेला अभ्यासक्रम झेपत नाही.

खान अकॅडमीसारख्या मोफत साधनांचा उपयोग सरावाला आणि दुसऱ्या शब्दांत समजावून घ्यायला चांगला होतो. पण पडद्यावर फक्त शेवटचं उत्तर टाइप होतं, मधल्या पायऱ्या दिसत नाहीत. ४३ − १७ चे ३४ कसे आले ते संगणक सांगणार नाही. पडद्यावरचा अभ्यासक्रम घेतलात तरी आठवड्यातले दोन दिवस वही-पेन्सिलचेच ठेवा.

४. भाषा, मापं आणि संख्यांची नावं तपासा

घरात मराठी आणि पुस्तक इंग्रजी, असं असेल तर ही पायरी गाळू नका. मराठी संख्यानावांत एकक आधी ऐकू येतो: त्रेचाळीस म्हणताना तीन आधी, चाळीस नंतर. त्यामुळे ४३ ऐकून ३४ लिहिलं जातं. एकोणतीस ऐकताना कानावर 'तीस' पडतं आणि ३९ लिहिलं जातं. इंग्रजी पुस्तकाला या चुकांची कल्पनाच नसते, तिथल्या सूचना उपयोगी पडणार नाहीत. पहिले काही महिने संख्या दोन्ही प्रकारे म्हणून घ्या: 'त्रेचाळीस, म्हणजे चार दहा आणि तीन'. दशक-दांड्या समोर असतील तर काही आठवड्यांत फरक पडतो.

परदेशी पुस्तकात मोठ्या संख्यांना दर तीन अंकांनी स्वल्पविराम असतो आणि लाख-कोटी नसतात. मापं इंच-पाउंडांत आहेत की मेट्रिकमध्ये, हेही बघा. एकाच पुस्तकाची मेट्रिक आवृत्ती वेगळी मिळू शकते. नाणी-नोटांचा धडा तर बाजूला ठेवून तुमच्या चलनात घरीच घ्या.

५. प्रवेश-चाचणी नीट घ्या

इयत्तेच्या आकड्यावर विसंबून पुस्तक मागवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एका प्रकाशकाची तिसरी दुसऱ्याच्या चौथीइतकी असू शकते, आणि मास्टरी पुस्तकांत तर विषयांचा क्रमच निराळा असतो. गॅमा पूर्ण केलेलं मूल गुणाकारात पुढे आणि अपूर्णांकात कोरं असू शकतं.

चाचणी घेताना हे पाळा:

- सकाळी, पोट भरलेलं असताना. लांब असेल तर दोन दिवसांत विभागून.
- घड्याळ लावू नका.
- मदत शून्य. 'नीट बघ बरं' हीसुद्धा मदतच.
- येत नसेल तिथे प्रश्नचिन्ह काढायला सांगा. अंदाजाने बरोबर आलेलं उत्तर तुम्हाला फसवेल.
- वयाच्या पातळीपेक्षा एक पातळी खालची चाचणी आधी द्या. सुरुवात यशाने होते आणि खालची भोकंही दिसतात.

प्रकाशकाने निकालाचे नियम दिले असतील तर ते वापरा. नसतील तर साधारण ८० टक्क्यांचा हिशेब ठेवा: त्याहून कमी गुण ज्या पातळीत पहिल्यांदा पडले, तिथून सुरुवात. पण एकूण गुणांवर थांबू नका, चुका कुठे एकवटल्या आहेत ते बघा. सगळ्या चुका घड्याळ वाचण्यात असतील तर पूर्ण वर्ष मागे नेण्याचं कारण नाही, तो धडा दोन आठवड्यांत घेता येतो. चुका दशक-एककात असतील तर मात्र मागे जाच, मुलाला वाईट वाटलं तरी. पुस्तकाच्या पाठीवर इयत्ता छापलेली असेल तर कागदी वेष्टन घाला.

६. नमुना पाठ तपासा

प्रकाशक पहिला पाठ दाखवतात, तो सगळ्यांचाच छान असतो. तुम्ही अवघड जागेचा पाठ शोधा: हातच्याची वजाबाकी, समच्छेद करणं, अपूर्णांकाचा भागाकार.

अपूर्णांकाचा भागाकार ही उत्तम कसोटी आहे. ३/४ ÷ १/२ समोर आल्यावर पुस्तक थेट 'दुसरा उलटा करा आणि गुणा' म्हणत असेल तर त्याच्या बाकीच्या धड्यांतही हीच घाई असणार. चांगलं पुस्तक आधी विचारतं: पाऊण पट्टीत अर्ध्या पट्ट्या किती बसतात? चित्रात दिसतं की एक पूर्ण बसते आणि दुसरीची अर्धीच, म्हणजे दीड. नियम त्यानंतर येतो, आणि तोही तेच उत्तर देतो हे मूल ताडून बघतं.

याशिवाय हे बघा:

- एका पानावर गणितं किती? लिहिण्याने थकणाऱ्या मुलाला पानभर तीस गणितं दिसली की पान सुरू व्हायच्या आधीच हार होते.
- कोपऱ्यात असंबद्ध चित्रं, रंग, विनोद यांची गर्दी आहे का? लक्ष चटकन उडणाऱ्या मुलाला साधं, मोकळं पान बरं.
- शाब्दिक उदाहरणांत कधी जास्तीची माहिती असते का, की दोन आकडे आणि एक क्रिया एवढंच?
- बरोबरचं चिन्ह कधी डावीकडेही येतं का, जसं □ = ७ + ६?
- उत्तरपुस्तिकेत फक्त उत्तरं आहेत की पायऱ्याही? पाचवीच्या पुढे पायऱ्या लागतातच.

७. तीन आठवडे चालवून बघा

पूर्ण संच घेण्याआधी एकच पुस्तक किंवा छापलेले नमुना पाठ घ्या आणि तीन आठवडे, आठवड्याचे चार-पाच दिवस चालवा. पहिला आठवडा नवलाईचा, त्यावरून मत बनवू नका. रोज चार गोष्टी एका ओळीत लिहा: किती मिनिटं लागली, किती चुका, चूक कसली (आकडेमोडीची, समजुतीची की वाचनाची) आणि मूल काय म्हणालं.

वाचायचं असं. स्वतंत्र सरावात दहापैकी आठ-नऊ बरोबर येत असतील आणि चुकलेलं दाखवल्यावर मूल स्वतः दुरुस्त करत असेल, तर पातळी बरोबर आहे. रोज दहापैकी दहा आणि पाच मिनिटांत खेळ खलास, तर पातळी खालची आहे. मूल आनंदात असलं तरी शिकत नाहीये. दहापैकी पाच-सहा, आणि चुका समजुतीच्या, तर पातळी वरची आहे. चुका फक्त वाचनाच्या असतील तर पातळी तीच ठेवा आणि पाठ वाचून दाखवा.

थोडा वेळ डोकं खाजवणं, 'थांब, मला करू दे' म्हणणं, हे चांगलं लक्षण. सलग काही दिवस पुस्तक काढताच पोटात दुखणं किंवा रडणं, हे नाही. तसं होत असेल तर आधी वेळ लावून घेतलेला सराव बंद करा. घड्याळाची धास्ती बसली की येणारी बेरीजसुद्धा आठवत नाही.

८. बदलण्याआधी जुळवून बघा

अभ्यासक्रम बदलला की प्रत्येक वेळी काही विषय दोनदा होतात आणि काही कायमचे राहून जातात. म्हणून आधी याच पुस्तकात बदल करा. एका वेळी एकच बदल, आणि तो किमान आठवडाभर:

- सम क्रमांकाची गणितं गाळा. दोन दिवसांनी त्यांतलीच तीन द्या आणि पकड सुटली नाही ना, बघा.
- अर्धी गणितं तोंडी, किंवा उत्तर मुलाने सांगायचं आणि तुम्ही लिहायचं.
- पान घडी घालून एका वेळी एकच ओळ दिसेल असं ठेवा.
- पाऊण तासाचा पाठ सकाळ-संध्याकाळ असा दोन भागांत.
- पाढे पाठ नाहीत म्हणून भागाकार अडला असेल तर पाढ्यांचा तक्ता समोर ठेवून भागाकार चालू ठेवा, पाढे रोज वेगळी पाच मिनिटं.

पाढ्यांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. समज महत्त्वाची म्हणून पाठांतर नकोच, हा टोकाचा विचार मुलाला महागात पडतो. समच्छेद करताना दर वेळी सहा साते बोटांवर काढावे लागले तर मूळ कल्पनेकडे लक्ष द्यायला डोक्यात जागाच उरत नाही. आधी अर्थ, मग पाठांतर. दोन्ही हवीत.

बदल कधी करायचा? पातळी बरोबर आहे, दोन-तीन बदल करून झालेत, आणि तरीही महिना-दीड महिन्यात प्रगती नाही किंवा रोज संघर्ष आहे, तेव्हा. जाताना जुन्या अनुक्रमणिकेत झालेल्या विषयांवर खुणा करा, नवीच्या अनुक्रमणिकेशी ताडा आणि मधली भोकं आधी भरा. मग नव्या प्रकाशकाची प्रवेश-चाचणी पुन्हा घ्या.

कधी दोष अभ्यासक्रमाचा नसतो. नऊ-दहा वर्षांचं मूल तीन-चार ठिपके न मोजता ओळखू शकत नसेल, ७ + २ सुद्धा दर वेळी पहिल्यापासून मोजत असेल, आणि साहित्य, चित्र, उजळणी सगळं देऊनही महिनोन् महिने तिथेच असेल, तर डिस्कॅल्क्युलियाची, म्हणजे संख्या समजण्यातल्या मूळच्या अडचणीची, तपासणी करून घ्या. वाचन अडत असेल तर डिस्लेक्सियाची. या बाबतीत थांबून बघू नका. तपासणी झाल्यावर मिळणारं मार्गदर्शन कुठल्याही पुस्तकापेक्षा नेमकं असतं.

९. पुढची पातळी घेण्याआधी

पुस्तक संपलं म्हणून पुढचं मागवू नका. शेवटच्या पाठानंतर दोन आठवडे जाऊ द्या, मग वर्षाची अंतिम चाचणी घ्या, पुन्हा घड्याळाशिवाय आणि मदतीशिवाय. ज्या दोन-तीन प्रकरणांत चुका जमा झाल्या, त्यांवर आठवडा-दोन आठवडे घालवा आणि तेवढ्याच भागाची चाचणी पुन्हा द्या. फाइलमधलं पहिल्या आठवड्याचं पान काढून तेच प्रश्न मुलाला विचारा: ८ + ५ आता कसं काढतोस? पद्धत बदललेली असेल तर तोच अभ्यासक्रम पुढे चालू ठेवा. उत्तरं बरोबर पण पद्धत अजूनही बोटं मोजायचीच असेल, तर पुढच्या पातळीआधी एक महिना फक्त दहाच्या जोड्या, पाच-दहाचे गट आणि खेळ यांना द्या.